नव्वदसाठी अठ्ठ्याऐंशी

इंदूरच्या बर्तन बाजारात मला बरोबर न्यायचं नाही, असा आमच्या घरात ठराव आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण कसोशीने पाळला जातो. गेल्या दिवाळीआधी मात्र डबे घ्यायचे होते, ओझं होणार होतं आणि मुलाला सुट्टी नव्हती. नाइलाजाने माझी वर्णी लागली.

दुकानदाराने स्टीलचा एक डबा पुढे ठेवला. बायकोने झाकण लावून पाहिलं, काढून पाहिलं, किंमत विचारली. शहाण्या माणसाची तपासणी इथे संपते. मी डबा उलटा केला, तळाला टिचकी मारली, आतल्या गोलाईवरून अंगठा फिरवला, कडेखालून तर्जनी फिरवली आणि मग किल्ल्यांच्या जुडग्यातलं चुंबक काढून तळाला लावलं. ते निसटून पडलं.

"देखा बाबूजी? तीन सौ चार है. चिपकेगा नहीं."

मी डबा सरळ करून तेच चुंबक त्याच्या भिंतीवरून हळूहळू वर नेलं. कडेपाशी आल्यावर त्याने डब्याला हलकंच धरलं. पडलं नाही. दुकानदाराचा चेहरा मात्र पडला.

"अहो, डबा घ्यायचाय," बायको म्हणाली, "सोयरीक नाही जुळवायची."

गंमत अशी की दुकानदार खोटं बोलत नव्हता. ३०४ म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलच्या आसपासचं स्टील. त्याला चुंबक लागत नाही. पण त्याचा पत्रा प्रेसमध्ये जोरात ओढला, की आतल्या कणांची ठेवण काही ठिकाणी बदलते आणि जिथे बदलते तिथे चुंबक लागायला लागतं. डब्याचा तळ जवळजवळ जसाच्या तसा राहिलेला असतो, त्याला फारसं काही सोसावं लागलेलं नसतं. सगळ्यात जास्त सोसलंय ते कडेने. हे मी त्याला नीट समजावून सांगितलं आणि तो डबा आम्ही घेतलाही. तरी पुढच्या वेळी त्याने बायकोला, "बाबूजी नहीं आए?" असं विचारलं ते काळजीने नव्हतं.

कडेने काय सोसलं, तेही सांगतो. १० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा साधा सरळ डबा धरा. तळ आणि भिंत मिळून जेवढं क्षेत्रफळ, तेवढ्याच क्षेत्रफळाची सपाट गोल चकती आधी घ्यावी लागते. हिशेब केला तर तिचा व्यास साधारण २२.४ सेंटिमीटर येतो. म्हणजे चकतीचा घेर ७० सेंटिमीटरच्या वर आणि डब्याच्या तोंडाचा घेर ३१ आणि थोडा. ७० चं ३१ मध्ये बसवायचं. उकडीचे मोदक ज्यांनी वळलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. पारीची कड आत घ्यायची तर जास्तीचं पीठ कुठेतरी जायला हवं, म्हणून आपण कळ्या पाडतो. पत्राही अगदी तेच करू पाहतो. मोदकाला कळ्या जितक्या जास्त तितकी सुगरणीची वाहवा. डब्याला एक जरी कळी पडली तर माल भंगारात.

म्हणून चकतीची कड वरून एका कड्याने दाबून धरतात आणि मधून पंच, म्हणजे पत्रा आत ढकलणारा पोलादी ठोकळा, खाली उतरतो. दाब कमी पडला तर कळ्या पडतात, जास्त झाला तर कड आत सरकतच नाही आणि तळाजवळ पत्रा फाटतो. या दोहोंच्या मधली जी जागा आहे ती शोधण्यात माझ्या आयुष्याची किती वर्षं गेली हे मी मोजलेलं नाही. शिवाय एका खेपेत व्यास निम्म्याच्या खाली आणायला गेलं तर पत्रा फाटणारच. त्यामुळे हा दहा बाय दहाचा डबासुद्धा दोन खेपांत ओढावा लागतो. आणि एवढं करून डबा बाहेर येतो तो वरून सरळ नसतोच. त्याला चार ठिकाणी कान आलेले असतात. पत्रा कारखान्यात ज्या दिशेने लाटला गेला होता ती दिशा अशी वर येते. कान कापायचे, कड बाहेर वळवून घ्यायची, मग तो बर्तन बाजारात यायच्या लायकीचा होतो.

मी टूल अँड डाय मेकर, म्हणजे प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारे साचे बनवणारा. नंदानगरच्या आयटीआयमधून निघालो आणि १९८७ मध्ये पीथमपूरला एका प्रेसशॉपच्या टूलरूममध्ये लागलो. पीथमपूर तेव्हा नुकतं वसत होतं. धार जिल्ह्यातलं माळरान, त्यावर शेड, शेडवर पत्रे आणि उन्हाळ्यात त्या पत्र्यांखाली आम्ही. पहाटे राजेंद्रनगरहून कंपनीची बस निघायची, राऊवरून महू, महूवरून पीथमपूर. बसमध्ये निम्मे मराठी. रामबागेतले, सुदामानगरमधले. बोलणं मात्र हिंदी-मराठीची भेळ. आमची ही इंदुरी मराठी पुण्याच्या मावशीकडे गेलो की दोन दिवसांत सरळ व्हायची, 'करून राहिलो' जाऊन 'करतोय' यायचं. परतीची बस सेंधव्याला पोचायच्या आत पुन्हा 'करून राहिलो'.

टूलरूमचे प्रमुख कागदोपत्री कोणी इंजिनियर होते. खरे प्रमुख उस्ताद. ते इंदूरच्या एका कापड गिरणीच्या वर्कशॉपमधून आलेले. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ निघायचे, त्यात हनुमानाचा गदा धरलेला हात वर-खाली व्हायचा त्याचा कॅम, म्हणजे फिरता फिरता हात हलवणारी वाकडी चकती, कोणे एके काळी उस्तादांनी घासलेला. स्वतः पाच वेळा नमाज पढणारे, पण त्या कॅमबद्दल बोलताना आवाज बदलायचा. "इधर से हाथ धीरे जाता था, और उधर से फटाक से आता था." मराठी पोरांना ते सरसकट 'भाऊ' म्हणत. दोन भाऊ एकदम वळून बघत, ते वेगळं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक व्ही-डाय माझ्यापुढे ठेवली. "कोण नाप." मी प्रोट्रॅक्टर लावला. ८८ अंश. ड्रॉइंगवर ब्रॅकेटचा कोन ९०. पहिल्या वर्गात पास झालेला मुलगा मी. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "डाय गलत है."

सगळे हसले. उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, नब्बे में माल चाहिए तो अपन कितना बोलते हैं? अट्ठासी. नब्बे बोलेगा तो बानवे में मिलेगा."

मग त्यांनी ९० ची एक जुनी डाय प्रेसवर चढवली आणि पट्टी दाबून दाखवली. वर पंच, खाली डाय, मधे पट्टी, सगळं घट्ट बसलेलं असताना कोन ९० च होता. रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, वर गेला आणि पट्टीने, कोणी बघत नाहीये असं वाटून पाय मोकळे करावेत तसे, अंग जरा सैल केलं. ९२.

का, ते आज मी शाळकरी पोरालाही सांगू शकतो. पत्रा वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. या दोन्हींच्या मधे एक थर असा असतो की जो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. त्या थराच्या आसपासचा धातू कायमचा वाकलेलाच नसतो, त्याने फक्त तेवढ्यापुरतं ऐकलेलं असतं. दाब सुटला की तो परत जायला बघतो, आणि जे कायमचं वाकलंय ते त्याला जाऊ देत नाही. त्या ओढाताणीत जो कोन मिळेल तो आपला. मऊ पत्रा एखाद-दोन अंश परत जातो, स्टेनलेस त्याहून जास्त. हल्ली गाड्यांना वजन कमी आणि ताकद जास्त म्हणून जो पत्रा वापरतात त्याचं तर विचारूच नका. जितका ताकदवान, तितका परत जाणारा.

सांगायचं ते हे, की या धंद्यात बरोबर डाय ही चुकीचीच बनवावी लागते. किती चुकीची, ते ड्रॉइंगवर नसतं. ड्रॉइंगवर फक्त ब्रॅकेट असतो. तो गाडीखाली लागतो, त्याला पार्ट नंबर असतो, तपासणीवाले त्याच्यावर हिरवा ठिपका मारतात. जिच्यातून तो निघाला ती वाकडी, खोटी, दोन अंश कमी भरणारी वस्तू रॅकवर ग्रीस खात पडलेली असते. त्यात पत्र्याची गुंडाळी बदलली की हिशेब बदलतो. कागदावर तेच आयएस ५१३ मानक, तीच ईडीडी, म्हणजे खूप खोल ओढायच्या पत्र्याची प्रत, जाडी तीच. पण मागच्या गुंडाळीचा पत्रा दीड अंश परत जात होता, ही नवी गुंडाळी अडीच जाते. उस्ताद नवी गुंडाळी आली की आधी एक पट्टी हातानेच वाकवून, सोडून बघायचे. मग डायच्या पाठीवर पेन्सिलीने एक आकडा लिहायचे. तो आकडा आम्ही प्रमाण मानायचो. इंजिनियर साहेबही गुपचूप येऊन तो बघून जायचे.

नंतर इंदूरला इंडो-जर्मन टूल रूम आलं, औरंगाबाद आणि अहमदाबादच्या जोडीचं. तिथे शिकून आलेली पोरं कॉम्प्युटरवर पत्रा आधीच वाकवून बघतात, किती परत येईल ते रंगांत दिसतं. मी त्या पडद्यासमोर बसलोय आणि मला ते आवडलंय, खोटं कशाला बोलू. आमच्या सहा ट्रायल ते दोनावर आणतात. पण त्या दोन राहतातच.

वाकवण्यापेक्षा कापणं सोपं, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. आई सणाला मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडायची. जवळजवळ पाडायच्या, मधली जाळी कमीत कमी राहायला हवी. हेच आमचं ब्लँकिंग. फरक एवढाच की आई ती जाळी गोळा करून पुन्हा मळून लाटायची, आमची जाळी किलोच्या भावाने भंगारवाला न्यायचा. म्हणून पट्टीवर चकत्या कशा बसवायच्या यावर उस्ताद अर्धा अर्धा दिवस घालवायचे. उस्ताद आईला चार पुऱ्या पाडायला शिकवायला सापडले असते तर बरं झालं असतं, असं तेव्हा मला वाटायचं.

आणि पत्रा कापला जातच नाही. म्हणजे पूर्ण नाही. पंच साधारण एक तृतीयांश जाडीपर्यंत आत शिरतो, तेवढं कापलं जातं, उरलेलं तुटतं. विश्वास नसेल तर जाड पत्र्याच्या कुठल्याही प्रेसच्या पार्टची कड उजेडात धरून बघा. एका बाजूचा पट्टा चकचकीत, आरशासारखा, त्यापुढचा राखाडी आणि खरबरीत. चकचकीत म्हणजे माणसाचं काम, खरबरीत म्हणजे धातूची मर्जी. पंच आणि डायमधे फट हवी ती एवढ्यासाठीच, की वरून निघालेली भेग आणि खालून निघालेली भेग एकमेकींना बरोबर भेटाव्यात. एक मिलिमीटरच्या मऊ पत्र्याला ही फट प्रत्येक बाजूने ०.०५ ते ०.०७ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एका केसाएवढी. ती चारही बाजूंनी सारखी आहे की नाही हे बघायला उस्ताद पतंगाचा कागद वापरत. संक्रांतीनंतर पोरांचे फाटके पतंग मागून आणायचे. कागद डायवर ठेवायचा, पंच हाताने हळू खाली आणायचा. सगळीकडून स्वच्छ कापला गेला तर फट सारखी. एका बाजूला तंतू राहिले तर पंच तिकडून लांब आहे. लाखाची डाय आणि तिचं प्रगतिपुस्तक लाल पतंगाच्या तुकड्यावर.

फट चुकली किंवा धार गेली की कापलेल्या कडेला बर येतो. बर म्हणजे कडेला उभी राहिलेली धातूची बारीक धार. डोळ्यांना दिसायच्या आधी ती बोटाला कळते. तर्जनी कडेखालून फिरवायची, आडवी, कडेच्या दिशेने कधीच नाही. कानालाही कळतं. कोरी धार असली की प्रेस 'ठक्' म्हणते, धार गेली की 'धप्प'. १०० मिलिमीटर व्यासाचं भोक २ मिलिमीटरच्या पत्र्यात पाडायचं तर साधारण २० टन जोर लागतो. घेर गुणिले जाडी गुणिले धातूची कापली जाण्याची ताकद, एवढाच हिशेब. तो २० टन जोर साठेपर्यंत प्रेसची सगळी फ्रेम धनुष्यासारखी ताणलेली असते आणि पत्रा तुटला की एकदम सुटते. आपण ऐकतो तो आवाज पत्र्याचा कमी, फ्रेमचा जास्त.

डायला आपल्याकडे जुना शब्द आहे, ठसा. टांकसाळीतला. माझ्याकडे आजीचा एक तांब्याचा अर्धा आणा आहे, शिवाजीराव होळकरांच्या काळातला, एका बाजूला बसलेला नंदी. त्याच्या आधी अहिल्याबाईंच्या वेळची महेश्वरची नाणी हाताने पाडलेली. खालचा ठसा ऐरणीत रोवलेला, वरचा हातात धरलेला, मधे चांदीची चकती, वरून घण. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून पुरी अक्षरं एका नाण्यावर सहसा मावतच नसत. बिल्वपत्र कुणावर पूर्ण, कुणावर अर्धं. माझा नंदी यंत्रावरचा, नीट मधोमध बसलेला. लहानपणी मी तो कागदाखाली ठेवून पेन्सिलीने घासायचो. टूलरूममध्ये आल्यावर कळलं की वाकलेला पत्रा परत जाऊ नये म्हणून आम्ही शेवटी जो उपाय करतो त्यालाही कॉइनिंगच म्हणतात, नाणं पाडणं. वळणाच्या जागी वाकवायला लागतो त्याच्या कितीतरी पट दाब द्यायचा. आरपार चेचलं की मधे परत जाऊ बघणारा थरच उरत नाही. उस्तादांना तो उपाय आवडायचा नाही. डाय लवकर जाते, प्रेस थकते. "मारके मनवाया तो क्या मनवाया," म्हणायचे.

एक आणखी. मराठीत एखाद्या लेखनाला नावं ठेवायची तर 'साचेबद्ध' म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी एकाने तरी साचा बनवलेला असावा, असं मला फार वाटतं.

माझ्या स्वतःच्या डायची गोष्ट सांगितली नाही तर हे सगळं फुशारकीत जमा होईल. एका गाडीच्या ब्रॅकेटची जोडी होती, डावा आणि उजवा, एकमेकांचं आरशातलं रूप. ड्रॉइंग जपानी. आपल्याकडे ड्रॉइंग पहिल्या कोनाच्या पद्धतीने काढतात, जपानी तिसऱ्या कोनाच्या. म्हणजे बाजूचं चित्र आपण जिकडे काढू त्याच्या उलट बाजूला ते काढतात. कोपऱ्यात छोट्या शंकूचं एक चिन्ह असतं, त्यावरून पद्धत ओळखायची. डाव्याच्या वेळी मी ते चिन्ह बघितलं. उजव्याच्या वेळी, आता काय बघायचंय, म्हणून बघितलं नाही. डी-टू स्टील, हार्डनिंग झालेलं, ग्राइंडिंग झालेलं, निळं लावून मॅच केलेलं. ट्रायलच्या दिवशी पहिला पार्ट हातात आला. सुरेख. बर नाही, कोन बरोबर, भोकं जागेवर. आणि डावा. आमच्याकडे आता डाव्याच्या दोन डाय होत्या.

उस्ताद कुणाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बेंचवर दोन चपला ठेवलेल्या होत्या. दोन्ही डाव्या.

बस महूच्या छावणीवरून जायची तेव्हा मला हटकून एक गोष्ट आठवते. महूत घडलेली नव्हे, पण हिंदुस्थानातली. बंदुकीच्या काडतुसांची नळी पितळेची, चकतीपासून ओढून ओढून लांब केलेली, म्हणजे आमच्याच बिरादरीतली. इंग्रजांच्या लष्करात असं दिसायला लागलं की पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं आपोआप तडकतात. कुणी हात लावलेला नाही, कुणी आपटलेली नाहीत. पावसाळ्यात होतं म्हणून त्याला मोसमी तडकणं असंच नाव पडलं. कारण नीट उलगडलं ते १९२१ मध्ये. घोड्यांच्या मुताशेणातून अमोनिया उठतो, दमट हवेत तो पितळेला लागतो. पण नुसत्या अमोनियाने काम होत नाही. पितळ ओढताना जो ताण आत कोंडला गेला होता, तो तिथेच बसून होता. बाहेरून काडतूस गुळगुळीत, चकचकीत, मापात बरोबर. अमोनियाने फक्त दार उघडलं. उपाय सोपा निघाला. ओढून झाल्यावर पितळ हलकं तापवायचं, म्हणजे ताण उतरतो.

पत्र्याला भट्टी आहे.

दिवाळीच्या आवराआवरीत बायकोने माझा खण काढला. त्यात आजीचा नंदी एका डबीत असतो आणि त्याच डबीत एक लोखंडी पिन. "ही कसली? टाकू?" म्हणाली. मी राहू दे म्हटलं. तिने राहू दिली.

३८ मिलिमीटर लांब, ६ मिलिमीटर जाड. एके दिवशी शॉपमधल्या एकाने येऊन माप दिलं, अशी एक पिन करून दे. टूलरूममध्ये रोज दहा जण असं काहीबाही मागतात. कशाला, असं विचारायचं असतं, मी विचारलं नाही. लेथवर पाच मिनिटांचं काम. करून दिली.

नवी प्रेस दोन्ही हातांच्या बटणांवर चालते. दोन्ही तळहात दोन बटणांवर असतील तरच रॅम खाली येतो, म्हणजे हात आत असूच शकत नाहीत. आमच्याकडची प्रेस जुनी. एक बटण दाबून ठेवून त्याच्या कड्यात ही पिन आडवी सरकवली की ते दाबलेलंच राहायचं. मग एका हाताने प्रेस चालवायची, दुसऱ्या हाताने पार्ट काढायचा. ताशी नग वाढतात. क्लच जुन्या पद्धतीचा, एकदा अडकला की फेरी पूर्ण होईपर्यंत रॅम थांबत नाही. पिन तिथे बसलेली मी तीन आठवडे येता-जाता बघत होतो. माझ्या हातचं काम मला ओळखू आलं नाही, असं मी म्हणू शकत नाही.

पोरगा निमाडातला होता, वीसच्या आतबाहेरचा. पार्ट डायला चिकटला म्हणून डावा हात आत घातला. आवाज 'ठक्' असाच आला. काही वेगळा नाही.

१९२३ च्या भरपाई कायद्याला एक परिशिष्ट होतं. त्यात माणसाच्या हाताचा हिशेब लिहिलेला होता. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरायचं. तर्जनी पूर्ण गेली तर १४. तर्जनीची दोन पेरं गेली तर ११. हाड वाचून नुसतं टोक गेलं तर ५. त्याच्या वाट्याला ११ आले. तर्जनी. बर बघायला तीच लागते, दुसऱ्या बोटाला तो कळत नाही.

त्याला गाडीत घालून नेलं, तेवढ्यात मी प्रेसजवळ गेलो आणि पिन काढून खिशात टाकली. का, ते मी स्वतःला अनेक प्रकारे सांगून पाहिलंय. चौकशीला माणसं आली तेव्हा दोन्ही बटणं मोकळी होती, दाबून पाहिली, बरोबर चालत होती. कागदावर कामगाराचा निष्काळजीपणा असं आलं. पैसे मिळाले त्याला. तो गावी गेला तो पुन्हा आला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये उस्ताद माझ्या शेजारी येऊन बसले. ते नेहमी पुढे बसायचे. महू गेल्यावर त्यांनी काही न बोलता हात पुढे केला. मी खिशातून पिन काढून त्यांच्या हातावर ठेवली. बसच्या दिव्यात त्यांनी ती फिरवून पाहिली, दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला. दोन्हीकडे चेंफर होता, म्हणजे कड तिरपी कापून मोडलेली, अर्धा मिलिमीटर, पंचेचाळीस अंश. कुणी सांगितला नव्हता. हाताला सवय, म्हणून मारलेला.

त्यांनी पिन परत दिली. राऊ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. उतरताना म्हणाले, "काम साफ है."